हॉल म्हणजे घर नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीचं एकाच माणसाशी दोनदा लग्न झालं. दुसऱ्या वेळी त्या माणसाला तिच्या घराजवळ फिरकायचीही कोर्टाची मनाई होती. ती मनाई माझ्या बाबांनीच धावपळ करून मिळवलेली. त्याने तिचा उजवा हात मनगटात मोडला, तेव्हा दिग्रसच्या सासरहून तिला प्लास्टरसकट घरी घेऊन आले तेही बाबाच. पुढे घटस्फोट झाला, पण कोर्टाचा हुकूम कायम होता.

मग आमच्या भावाची सोयरीक जमेना. पाहुणे यायचे, चहा-पोहे झाले की घरात बसलेल्या मुलीची चौकशी करायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. नातेवाईक जमले आणि तोडगा निघाला. तो सुधारलाय म्हणे, पुन्हा लावून टाका! बहिणीला विचारूनच ठरवलं, असं सगळे सांगतात. मी सांगते कसं विचारलं ते. भावाला समोर बसवून विचारलं. ती काय बोलणार, कपाळ?

मी बाबांवर ओरडले. "कोर्टाचा हुकूम आहे, बाबा!"

बाबांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेली. चष्मा लावून त्यांनी तो हुकूम पुन्हा वाचला.

"काहून चिल्लावून राह्यली? घरी यायचं नाही, असं लिहिलं आहे. लग्न हॉलात लावू. हॉल काय घर आहे काय?"

"संपर्क साधायचा नाही, असंही लिहिलंय."

"तो कुठं साधून राह्यला? आपण साधला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर लोकांच्या अर्जांत खोट काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीच्या संरक्षणातही पळवाट शोधली!

हॉल घेतला. करवली म्हणून मी तिच्या मागे उभी होते. अंतरपाट दूर झाला, त्याने हार घालायला दोन्ही हात वर केले, आणि बहिणीने झटकन मान खाली घालून उजवा हात तोंडावर आडवा धरला.

सगळा हॉल हसला. "नवरी लाजली!" कोणीतरी ओरडलं. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, हात खाली घ्या, चेहरा येऊन नाही राह्यला."

तिने घेतला.

हसणाऱ्या एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं मला तेव्हा वाटलं, अजून वाटतं. फक्त बाबा हसले नाहीत. म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी थोड्या वेळाने कन्यादानाला बसून त्यांनी तिचा तोच हात त्याच्या हातात दिला.