मोज्यातली बाटली

वळणावरच्या तेलाच्या दुकानाचे मालक स्वतःच्या नाकावर बेहद्द खूश होते. घाण्यातून उतरलेलं तेल नुसतं हुंगून ते बी कुठल्या पोत्यातलं हे सांगत. खरं-खोटं पोत्याला ठाऊक! बाजारानं त्यांचं नाव 'नाकोजी' ठेवलं होतं, आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

नाकाखालोखाल त्यांचा जीव दुकानाच्या दर्शनी काचेवर होता. काचेमागे तीन फळ्या, फळ्यांवर सूर्यफुलाच्या तेलाच्या चाळीस पारदर्शक बाटल्या. सकाळी ऊन आलं की सगळं सोन्यासारखं झळकायचं. मग नाकोजी रस्त्यापलीकडे जाऊन परक्यासारखे उभे राहायचे आणि म्हणायचे, "वा! काय दुकान आहे!" गिऱ्हाईक आलं की याच बाटल्यांतली एक काढून द्यायचे.

एका सोमवारी बेकरीवाल्या ताई आल्या आणि त्यांनी अर्धी बाटली गल्ल्यावर ठेवली.

"दादा, पंधरा वर्षं तुमचंच तेल वापरतेय. पण यात पाव बुडवला, तर दाराला रंग लावल्यासारखा वास येतो. महिनाभर बघते. नाहीतर दुसरं दुकान शोधते."

नाकोजींनी बाटली हुंगली. दिवसभर तेलातच बसलेल्या नाकाला काय कळणार? "उत्तम आहे!"

"मी कधीची सांगतेय," आतून त्यांची बायको म्हणाली, "उन्हानं तेल खवट होतं. बाटल्या अंधारात ठेवा."

"अगं, सूर्यफूल आहे ते! जन्मभर उन्हात ताठ उभं राहिलं, आणि बाटलीत शिरल्याबरोबर त्याला ऊन बाधलं?"

नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तेलाला साक्षीला बोलवावं, असं बायकोनं ठरवलं. त्याच दिवशीच्या घाण्यातल्या दोन बाटल्या तिनं गळ्यापर्यंत भरल्या, कारण आत हवा राहिली तरी तेल बिघडतं. दोन्हींची बुचं घट्ट लावली. एक तशीच, काही न झाकता काचेत ठेवली. दुसरीवर नाकोजींचा लग्नातला काळा लोकरी मोजा चढवला आणि तिच्या शेजारी उभी केली.

"माझा मोजा!"

"धुतलाय. नाहीतर उन्हाआधी त्याच्या वासानंच तेल बिघडलं असतं."

महिनाभर सोन्याच्या रांगेत तो एक काळा पाय उभा. येणारेजाणारे विचारायचे, "दुसरा पाय कुठे गेला?" नाकोजी मान फिरवायचे. मनात मात्र धाकधूक होती. ताई गेल्या तर बाजारात तोंड कसं दाखवायचं? आणि बायको बरोबर निघाली तर काच रिकामी. इकडे आड, तिकडे विहीर!

महिना भरला तशी बायकोनं ठरवलेली परीक्षा बेकरीच्या अंगणात झाली, तेलाच्या वासापासून लांब. ताईंनी नाकोजींच्या डोळ्यांवर स्वच्छ फडकं बांधलं आणि पहिली वाटी नाकाशी धरली.

नाकोजींचा चेहरा उजळला. "हे माझं! ताजं बी, तव्यावर भाजल्यासारखं. लाखात ओळखीन!"

दुसरी वाटी आली. त्यांनी मान झटकन मागे घेतली. "शी! हे कुठल्या चोराचं?"

"त्याच चोराचं," बायको म्हणाली.

फडकं सुटलं. पहिल्या वाटीमागे मोज्यातली बाटली होती, दुसरीमागे बिनमोज्याची. नाकोजींनी दोन्ही पुन्हा हुंगल्या, मग पुन्हा. मग असे खदखदून हसले की भट्टीवरचा माणूस बाहेर डोकावला.

"नाक खरं निघालं हो, ताई! मालकच खोटा निघाला!"

ताईंनी तिथल्या तिथे बारा बाटल्यांची मागणी नोंदवली, मात्र मोज्यांशिवाय. नाकोजींनी गडद तपकिरी बाटल्या आणल्या, त्या आतल्या थंड कपाटात लावल्या, आणि काचेतलं जुनं तेल दिव्यांसाठी देऊन टाकलं. रिकामी काच बघून दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आतला छोटा घाणाच ओढत काचेमागे आणला आणि भांग पाडून त्याच्याशेजारी बसले. बी आत पडतंय, धार खाली येतेय, बायको ती लगेच तपकिरी बाटलीत बंद करतेय. बघायला फुटपाथवर ही गर्दी!

"अगं, लोक मला बघायला थांबतात," नाकोजी छाती फुगवून म्हणाले.

"थांबू देत," ती बूच घट्ट करत म्हणाली. "पण ऊन आलं की आत येऊन बसा. तुम्हाला बसेल एवढा मोठा मोजा घरात नाही."