लोखंडी जावई

बाजारात मिळणारं औजार विकत आणणं म्हणजे नाक कापून घेणं, असं मानणारा माणूस सगळ्या रायपुरात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मामांनी पुरानी बस्तीतल्या घराच्या अंगणात आपली जुनी मोटरसायकल उभी केली आणि उरलेलं आयुष्य तिचं इंजिन उघडण्यात नि मिटवण्यात घालवायचं ठरवलं. ती चालवण्यात त्यांना फारसा रस नव्हता. व्हॉल्व्ह घासायला मामींचं लाटणं गेलं, पिस्टनच्या रिंगा दाबून धरायला दुधाच्या पावडरचा डबा कापला गेला. एकदा पाहुणे पानावर बसलेले असताना मामींना सांडशी सापडेना. अंगणात डोकावल्या, तर ती क्लच धरून बसली होती. मामींनी पातेलं पदराने उतरवलं.

प्रत्येक औजाराला नात्याचं नाव. बारीक फटीत शिरणारी चपटी पट्टी म्हणजे नणंद, एकदा धरलं की न सोडणारा शिकंजा म्हणजे साळा, आणि मॅग्नेट काढायचा पुलर म्हणजे जावई. हे मॅग्नेट इंजिनाच्या दांड्यावर असं घट्ट बसतं की नट काढला तरी हाताने हलत नाही. मामांनी एका जाड लोखंडी पट्टीला दोन बाजूंना भोकं पाडली आणि मधोमध आटे पाडले. बाजूचे बोल्ट मॅग्नेटला धरतात, मधला लांब बोल्ट दांड्याला रेटतो, की मॅग्नेट सुटून हातात येतं. "घरात घट्ट बसलेलं घेऊन जातो," मामांनी माझ्याकडे बघत खुलासा केला, "मंग जावईच नाही तं काय?" त्यांची लाडकी भाची मीच चौबे कॉलोनीत घेऊन गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी मामा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घरची वाट, मग माणसं. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मला भैया म्हणू लागले आणि खोटं कशाला सांगू, ते मला फार लागलं. पण दर भेटीत ते नव्या उत्साहाने सांगत की मॅग्नेट निघत नाही, म्हणून एक जावई बनवून राहिलो, एक लांब बोल्ट आणून दे. मी आणून देई. आधीचा हरवला असेल, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात मामींनी गहू चक्कीवर न्यायला बोलावलं. पिंपातून पोत्यात काढताना हाताला लोखंड लागलं. एकामागून एक सात जावई निघाले. पहिल्याच्या कडा कानशीने अशा घासलेल्या की बोट फिरवत राहावं. सातव्याची भोकं तिरपी, कडा तशाच ओबडधोबड. मी मामींकडे पाहिलं.

"दुपारी हे झोपले का मी मॅग्नेट वापस बसवून ठेवते," मामी म्हणाल्या. "सतरा नंबरचा पाना लागते त्याले. अन् बनवलेला जावई इथं लपवते. उठल्यावर यायले काही काम तं पाह्यजे ना, जावईबापू. नाही तं नुसते विचारत राह्यतात, मी इथं काहून बसलो म्हणून." मग पोत्याचं तोंड धरत म्हणाल्या, "आता पट्टी नीट होत नाही त्यायच्यानं. म्हणून मॅग्नेट मी नुसतं टेकवून ठेवते. निघालं पाह्यजे."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत इंजिनाला बोटही न लावलेल्या त्या बाईच्या नखांत काळं तेल होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पोतं बांधत बसलो.

तेवढ्यात अंगणातून मामांच्या खोकल्याचा आवाज आला, तशा मामी लगबगीने बाहेर गेल्या. मामा आठवा जावई लावत होते. दोनपैकी एकच बोल्ट कसाबसा बसला. मग ते मधला बोल्ट फिरवू लागले. मामी शेजारी ओंजळ धरून उभ्या राहिल्या, आणि मॅग्नेट सुटून त्यांच्या ओंजळीत आलं. मामांनी वर पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"निघालं, दीदी," ते मामींना म्हणाले.

"हव," मामी म्हणाल्या. "तुमच्याबिगर कोणाले निघालं असतं?"