टाकीतले पऱ्हे

"काय जी जागेश्वरभाऊ, आमची रोवणी अटकून पडली, अना तुमचे पऱ्हे टाकीत तयार? कोनता वान होय हा?"

"हास, तेजराम, हास. तुयी जळकी मोटार मायाच हातात आहे, ध्यानात ठेव."

"मोटार ठेवा बाजूले. हे सांगा, एवढं हिरवंगार उगवते कसं? युरिया मारता का?"

"काहीच नाही मारत बे. तेच तं डोक्यात घुसून नाही राहिलं!"

तेजरामनं माशांच्या टाकीच्या काचेला नाक लावलं. आत दगडांच्या भिंतीवर बोटभर लांब शेवाळ माजलं होतं. केसासारखं मऊ, पंपाच्या लाटेबरोबर डुलणारं. रोवणीच्या आधी बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोपं, आपले पऱ्हे, वाऱ्यावर डुलतात ना, हुबेहूब तसं. आणि त्यातून नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे डोकं काढून बघत होते, परक्याच्या धानात वाट चुकल्यासारखे.

मोहाडीच्या आसपास जळलेली पाण्याची मोटार दुरुस्तीला घेऊन जागेश्वर सेलोकराच्या ओसरीवर आला नाही, असा धानवाला विरळाच. ओसरीत तांब्याची तार, उघड्या पडलेल्या मोटारी, वॉर्निशचा वास. आणि उंबरठा ओलांडला की पुढच्या खोलीत समुद्र. गावात चार बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि एक मोठा तलाव असताना या माणसानं घरात खारं पाणी भरलं, म्हणून लोक आधी हसले, मग पाहुणे आले की दाखवायला आणू लागले.

हे वेड लागलं नागपुरात. तार आणायला गेलेला जागेश्वर इश्वर नावाच्या मासेवाल्याच्या दुकानाबाहेर थबकला. आत इश्वर बंद पडलेल्या पंपाला शिव्या देत होता. जागेश्वरनं पंप मागून घेतला, उघडला, चालू करून दिला. पाणी हललं तशी दगडावरच्या पोवळ्याची मिटलेली गुंड्यांएवढी तोंडं एकेक करून उघडू लागली. जांभळी, मध्ये हिरवी. हा माणूस तिथं जो बसला, तो गावची बस निघून गेली तरी उठला नाही. पुढं इश्वरनंच त्याला एक जुनी टाकी दिली, खास मीठ दिलं, माशांची जोडी दिली आणि त्याच पोवळ्याचा नखाएवढा तुकडा दिला. गावच्या बायांनी तोंडावर हात ठेवला. "पोवळं तं अंगठीत असते माय! हे तं हालून राहिलं!"

दगड रचायची वेळ आली तेव्हा मात्र जागेश्वरनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सेलोकरांच्या तीन पिढ्यांनी बोडीची पार, म्हणजे पाणी अडवणारी पाळ, बांधलेली. बाप सांगायचा, पारीत उंदराएवढं भोक राहिलं तरी बोडी गेली समज. तेव्हा त्यानं मोठे दगड खाली घातले, मधले वर, आणि जिथं जिथं फट दिसली तिथं बारके दगड ठोकून बसवले. मागच्या काचेपासून चार बोटं सोडून अशी गच्च भिंत उभी केली की पाहणाऱ्यानं म्हणावं, चला, यावर बैलगाडी घालू.

वर्षभर सगळं ठीक होतं. नखाएवढं पोवळं तळहाताएवढं पसरलं. माशांची जोडी त्याच्या अंगाखांद्यावर लोळायची. आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात शेवाळ आलं.

त्यानं दात घासायच्या ब्रशनं दगड घासले. टाकीवरचा दिवा कमी वेळ लावला. पाणी बदललं. इश्वरकडून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या दोन दिवस जेवल्या आणि मग बहुतेक कंटाळल्या. इतकं करून आठवड्यात पऱ्हे पुन्हा जागेवर. शेवाळाची झुलपं पोवळ्यावर पडू लागली आणि एकेक तोंड मिटत गेलं. मिटलेलं तोंड पुन्हा उघडत नव्हतं.

त्यातच पोरीचा फोन आला. मोना पोळ्यानंतर पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. ललिताबाईनं त्याच दिवशी नवऱ्याला टाकीसमोर उभं केलं.

"वास घ्या."

"समुद्राचा आहे."

"समुद्र मी नाही पाह्यला, पन गटार पाह्यली आहे. ओली बाळंतीण या वासात ठेवू का मी? पोळ्यापर्यंत साफ झालं तं राहू द्या. नाही तं मासे त्या इश्वरभाऊले वापस, अना टाकी बाहेर. मंग तिच्यात वैरन भिजवा, नाही तं तुम्ही सवता बसा."

ललिताबाई एकदा बोलली की बोलली. हे जागेश्वरला लग्नापासून ठाऊक होतं. त्या दिवशी तो जेवला कमी. फोन करून इश्वरला सगळं सांगितलं.

"भाऊ, दगडामागं पाणी फिरते का?" इश्वरनं विचारलं.

"फिरन कसं? पार घातली ना मी. थेंब नाही जाऊ देत."

"जागेश्वरभाऊ, तिथं पाणी अडवाचं नसते जी. खेळवाचं असते. मागं नक्की काही सडून राहिलं. भिंत काढून पाहा."

"मायी पार काढू?"

"पार ठेवा, नाही तं पोवळं ठेवा."

दोन दिवस जागेश्वर टाकीभोवती घुटमळला. आपण रचलेलं आपल्याच हातानं उपसायचं, म्हणजे लोकांच्या मोटारीत चूक काढणाऱ्यानं स्वतःची मोटार उघडण्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ताजं खारं पाणी तयार केलं, मासे आणि पोवळं टबात काढलं, त्यात छोटा पंप सोडला आणि बाह्या सारल्या.

वरचा थर निघाला. मधला निघाला. मागच्या चार बोटांच्या सांदीत हात घातला आणि मूठभर काहीतरी बुळबुळीत वर आलं. काळं, लिबलिबीत. वास असा की मोटार न्यायला आलेला तेजराम ओसरीतून अंगणात गेला. जागेश्वरनं मूठ उजेडात धरली. काळ्या चिखलात पांढरी शितं होती.

"भात?"

ललिताबाई धावत आली. दोघांनी मिळून खालचा थर काढला. भात, भात आणि भात. एका कोपऱ्यात तर पोळीचा तुकडाही होता.

"मायी आन, मी नाही टाकला," ललिताबाई म्हणाली.

दोघांनी एकदमच मान वळवली. दारात गिरजाबाई उभी होती, जागेश्वरची माय. हातात ताटली, ताटलीत घास.

"माय, हे काय होय?"

"भात होय," म्हातारी म्हणाली. "दिसत नाही का तुले?"

"टाकीत तू टाकतेस?"

"मंग कोन टाकन? तू टाकतेस ते काय जेवन होय? चिमूटभर भुकटी! घरात मुकं जीव समोर पाहून राहिलं, अना आपन बसून गिळाचं? तुया आज्याच्या वक्तापासून भाताचा पहिला घास तलावाच्या मासोळीले जाते, मंग आपल्या ताटात. तलाव दूर गेला आता, गुडघे नाही चालत माये. म्हून म्हटलं, देवानं घरीच तलाव पाठवला."

"पन मागून काहून टाकतेस?"

"समोर टाकला तं तू वरडतेस!"

तेजराम अंगणात हसून हसून दुहेरी झाला. "जागेश्वरभाऊ, युरिया सापडला!"

जागेश्वरला राग यायला हवा होता. पण हातातल्या चिखलाकडं बघून त्यालाही हसू फुटलं. मायेचा अर्धा दोष होता, अर्धा त्याचा. ती पार नसती तर पहिल्याच दिवशी शितं समोर आली असती.

त्यानं तळ उपसला, दगड खाऱ्या पाण्यात घासले. आता पुन्हा रचायचे कसे, म्हणून तो दगड हातात घेऊन बसला. हात सवयीनं फटीच बुजवायला जाई. दोनदा रचलं, दोनदा पार झाली. ललिताबाई मागं उभी राहून बघत होती.

"नवरानवरीची जोडी आहे म्हनता ना तुम्ही?"

"हो."

"मंग त्याईले पार कायले? मांडव घाला. चारी बाजूनं वारा पाह्यजे मांडवाले."

तिनं टोमणा मारला होता, पण जागेश्वरनं तो उचलला. चार उभे दगड खांब, त्यांवर आडवे, मध्ये मोकळं. मागच्या काचेपासून वीतभर अंतर. मासे सोडले तेव्हा नर एका खांबामागून शिरून दुसऱ्यामागून निघाला, मादी त्याच्या मागं. बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, "फेरे घेऊन राहिले!"

मायेशी तह करणं जास्त अवघड गेलं. खाऊ तीच घालणार, हे ठरलं. भात बंद, हेही ठरलं. माप ठरलं औषधाच्या बाटलीच्या टोपणाचं.

"एका टोपनात काय होते?" गिरजाबाई म्हणाली. "पाहुने घरी आल्यावर चमच्यानं वाढाचं का?"

"त्याईचं पोट डोळ्याएवढं असते, माय."

"तुयंही होतं लहानपनी. मी नाही मोजलं."

तरी ती टोपण घेऊन रोज बसू लागली. आधी माशांना, मग स्वतः. उरलेला भाताचा घास कावळ्याला गेला, त्यालाही तक्रार नव्हती.

शेवाळ काही जादूनं गेलं नाही. जागेश्वर रोज सकाळी बाह्या सारून निंदण करायचा, बोटानं झुलपं उपटून काढायचा. पण आता उपटलेलं पुन्हा तितक्या जोमानं येत नव्हतं. गोगलगायींनाही भूक लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी फक्त एका खांबाच्या टोकावर हिरवी शेंडी उरली होती.

ललिताबाई आली. पदर बाजूला करून टाकीवर वाकली. तिनं वास घेतला, पुन्हा घेतला.

"शेंडी राहिली एक."

"ते लग्न लावनाऱ्या बुवाजीची आहे. राहू दे."

ललिताबाईनं ओठ दाबले. तेवढ्यात खाली मिटून पडलेल्या पोवळ्याचं काठावरचं एक तोंड हळूच उघडलं. मग शेजारचं. जांभळं, मध्ये हिरवं. ती बघत राहिली.

"मोनाले दाखवू हे," ती म्हणाली. "पन पाळना तिकडच्या भिंतीले लागन. अना सासूबाईले पाळन्याच्या बाजूले ताटली घेऊन बसू नाही द्याचं!"

"मी ऐकून राहिली!" आतून गिरजाबाई ओरडली.

इतक्यात ओसरीत धाडकन काहीतरी टेकलं. तेजराम, आणि त्याची तीच मोटार.

"पुन्हा जळली का बे?"

"पान्यानं दांडी मारली जी, चालवली दिवसरात. बांधी भेगाळून राहिली मायी." त्यानं आत डोकावलं. "तुमचे पऱ्हे कुठं गेले?"

"उपटले. तुया बांधीत रोवतेस का?"

जागेश्वरनं ओले हात पंच्याला पुसले, मोटारीचं झाकण उघडलं आणि काळवंडलेली तार ओढून काढायला बसला.