मतपत्रिकेवरचं पहिलं नाव

४ मे २०२३ रोजी झालेल्या कौन्सिलच्या निवडणुकीत कमलाकर आबनावे यांचा एकूण खर्च अठरा पौंड चाळीस पेन्स झाला. आकडा मला पाठ आहे, कारण त्याचा इलेक्शन एजंट मी होतो आणि खर्चाचं विवरण माझ्या सहीनं गेलं. पत्रकांच्या छपाईतला त्याचा वाटा तेवढाच होता. पत्रकावर आमच्या पक्षाच्या तिन्ही उमेदवारांचे फोटो होते. कमलाकरचा सगळ्यांत लहान.

तो उमेदवार होता तो केवळ कागदावर. इथे पक्ष प्रत्येक जागेवर नाव देतात. जिथे जिंकण्याची आशा नसते तिथे कोणीतरी अर्जावर सही करायची आणि घरी बसायचं, अशी पद्धत आहे. आमचा फोर्जगेट वॉर्ड तसाच होता.

आमचं शहर इंग्लंडच्या मिडलंड्समधलं, नॉटिंगहॅमपासून ट्रेननं पाऊण तासावर. कालवा आणि रेल्वेलाइन यांच्या मधल्या पट्ट्यात फोर्जगेट वसलं. आधी मोज्यांचे कारखाने, मग त्यांच्याभोवती कामगारांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळी. घरांत न्हाणीघरं नव्हती, म्हणून कौन्सिलनं नव्वदेक वर्षांपूर्वी सार्वजनिक स्नानगृह आणि पोहण्याचा तलाव बांधला. आयरिश लोक आले, युद्धानंतर पोलिश, मग जमैकन, मग मीरपूरचे पाकिस्तानी. कारखाने बंद पडले, रिंगरोडनं वॉर्डाचे दोन तुकडे केले. आता विद्यार्थी आहेत, रोमानियन आहेत आणि केरळच्या नर्सेस आहेत. नकाशावरच्या सीमा दोनदा बदलल्या, पण निवडून यायचा तो एकच पक्ष, आणि तो आमचा नव्हता. त्यांनी दगडाला शेंदूर फासला असता तरी चाललं असतं.

कमलाकर हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होता, मी त्याच हॉस्पिटलच्या फायनान्समध्ये. त्याची बायको मीनाक्षीवहिनी नर्स. वहिनींच्या रात्रपाळ्या असायच्या तेव्हा त्यांच्या मुलीला, अक्षयाला, लहानपणी जीननं सांभाळलं, एक पेनीही न घेता. ही जीन आमच्या पक्षशाखेची सेक्रेटरी. ती एक दिवस कमलाकरकडे आली आणि म्हणाली, नुसतं नाव हवंय. कमलाकर मुळातच भिडस्त. समोरच्या कपातला चहा निवायच्या आत त्यानं सही केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघं कायमचे साताऱ्याला जाणार होते. वहिनींची आई तिथे एकटी होती. फ्लॅट घेऊन ठेवला होता, सामान पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघून गेला होता.

मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागतात. तीन जागा, म्हणून प्रत्येकाला तीन मतं, चौदा नावं, आणि सगळ्यांच्या वर आबनावे. त्या वर्षी बागेतल्या कचऱ्याच्या बिनवर कौन्सिलनं वेगळी फी बसवली होती आणि लोक चिडले होते. चिडलेल्या माणसानं नेहमीच्या पक्षाला दोन मतं दिली आणि तिसरी फुली वरच्या वर मारून टाकली, असा माझा हिशेब आहे. विल्सन नावाचा आमचा खरा उमेदवार बारा वर्षं दारोदार हिंडत होता. तो पडला. कमलाकर नऊ मतांनी आला.

मतमोजणीच्या हॉलमधून मी फोन केला तेव्हा तो माळा आवरत होता. आकडा त्यानं दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "परत मोजायला सांग ना."

परत मोजून झालं होतं. पुढचा घोटाळा संध्याकाळी कळला. सगळ्या वॉर्डांचे निकाल धरता आमच्या पक्षाला कौन्सिलमध्ये एका मताचं बहुमत मिळालं होतं. ते एक मत म्हणजे कमलाकर.

राजीनामा द्यायला दोन ओळी पुरतात. पण मग पोटनिवडणूक, तीत आमची जागा जाणार हे उघड, आणि जागा गेली की कौन्सिल गेलं. जीन म्हणाली, बजेटपर्यंत थांब. बजेट झाल्यावर म्हणाली, नव्या घरांचा आराखडा मंजूर होईपर्यंत. ऑक्टोबरमध्ये वहिनी एकट्याच गेल्या.

कमलाकर मधूनमधून साताऱ्याला जाऊन यायचा, पण मतदानाला सभागृहात प्रत्यक्ष बसावं लागतं, त्यामुळे दर वेळी परतीचं तिकीट आधी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमच्यातलाच मुरलीधर नाईक त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय नगरसेवक, लाल दिवा कुठे ठेवलात?" कमलाकर हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोणीतरी गल्लीत जुनी गादी टाकली होती.

फोर्जगेटच्या लोकांना फोन उचलणाऱ्या कौन्सिलरची सवय नव्हती. त्याचा नंबर हातोहात पसरला. तो प्रत्येकाला हो म्हणायचा, आणि हो म्हटलं की करायचा. सामान बांधलेली खोकी पॅसेजमध्ये तशीच होती. त्यांच्यावर आता वॉर्डाची पत्रकं ठेवलेली असत.

गेल्या जानेवारीत वहिनी आल्या त्या त्याला घेऊन जायलाच. जीनला त्यांनी स्वतः चहाला बोलावलं, मलाही बोलावलं. साबुदाण्याचे वडे केले होते. जीनला ते आवडतात. पहिला वडा संपेपर्यंत वहिनी थांबल्या.

"जीन, ह्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून मी म्हणते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ह्या महिन्यात राजीनामा."

जीननं हात पुसले. मला वाटलं, आता पुन्हा एखादी तारीख येणार. पण ती कमलाकरला म्हणाली, "तू सोडलंस तर मी एक शब्दही बोलणार नाही. तू मला काही देणं लागत नाहीस. कधीच लागत नव्हतास."

दोन वर्षं अडलेली गाडी अशी एका वाक्यात सुटली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कमलाकर मात्र कपाकडे बघत होता.

"मग तलावाचं काय?" त्यानं विचारलं.

फोर्जगेटच्या तलावाचं छप्पर गळत होतं आणि विरोधी पक्षाला तो बंद करायचा होता. फेब्रुवारीच्या बजेटमध्ये त्यावर मतदान होतं. जीन खोटं बोलली नाही. "बंद होईल," ती म्हणाली.

वहिनी मराठीवर आल्या. "अहो, तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"नाही."

"मग?"

"मी लोकांना सांगून बसलोय, की बंद होऊ देणार नाही."

"कोणाकोणाला?"

"ज्यांनी विचारलं त्यांना."

"म्हणजे सगळ्या वॉर्डाला," वहिनी म्हणाल्या. मग प्लेट्स गोळा करता करता, आवाज न चढवता, "मलाही सांगितलं होतंत."

जीनला मराठी येत नाही, पण ती उठली आणि कोट घालू लागली. त्या दिवसानंतर राजीनाम्याचा विषय त्या घरात निघाला नाही.

महिनाअखेरीस वहिनी परत निघाल्या. बर्मिंगहॅमच्या विमानतळावर कमलाकरच सोडणार होता, पण त्याच सकाळी बजेटच्या तयारीची बैठक लागली, म्हणून गाडी मी काढली. वाटेत आईच्या गुडघ्यांबद्दल थोडं बोलणं झालं.

काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं. बाजूला नेऊन त्यांनी ती उघडली. वरच्या थरात कमलाकरचे सुती, अर्ध्या बाह्यांचे शर्ट होते, इस्त्री केलेले. "वहिनी, हे काढून देता का? मी घेऊन जातो परत," मी म्हणालो.

"नको भाऊजी. राहू देत," त्या म्हणाल्या आणि चेन लावली.

त्यांचं कार्ड तिथल्या मशीनवर चालेना, म्हणून जास्तीच्या वजनाचे पैसे माझ्या कार्डावरून भरले.

फेब्रुवारीत तलाव एका मतानं वाचला. पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. मी पुढच्या मार्चला निवृत्त होईन आणि एजंटचं कामही सोडेन, तसं जीनला कळवलं आहे. कमलाकर रोज संध्याकाळी वॉर्डात फिरतो आणि रात्रीचं जेवण फोन समोर ठेवून, पण साताऱ्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते म्हणून बहुधा न लावताच, एकटा जेवतो.

विमानतळावरचे पैसे लगेच ट्रान्सफर करतो, असं तो म्हणाला होता. ते पस्तीस पौंड अजून यायचे आहेत.