वरच्या खोलीतला पंखा

भंडाऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण भाड्याने राहतो आणि पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करतो. जिन्यात भेटला की बोलतो फक्त कामाचं.

"कंटेनर म्हणजे प्रोग्रामचा डबाच, काका. सुरू करताना त्याले एक कमांड देतो. कमांड संपली का डबा बंद."

"अन् कामच नसलं तं?"

"तं सांगतो, काही करू नको, फक्त चालू राहा."

त्याच्यासोबत राहणारी त्याची आई गेल्यापासून तिच्या खोलीतला पंखा तो बंदच करत नाही. एकदा वर गेलो असताना मी सवयीने बटणाकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं.

आता दुपारी लाइट गेली की मी खाली कान देऊन बसतो, वरच्या पंख्याची कुरकुर पुन्हा सुरू होईपर्यंत.