तळेगावला टॅटू काढायला गेले आणि तशीच परत आले

हातावर टॅटू काढायचा हे अप्पा गेले तेव्हाच माझं ठरलं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं लेथवर होते. आपल्या हातच्या प्रत्येक जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, ते स्वतःचा पंच मारायचे: छोटं वर्तुळ, आत आठ. काम कुणाचं ते कळावं म्हणून. मी आता चाकणला क्वालिटीत आहे, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेते, आणि तो आठ मला मनगटावर हवा होता. पस्तिशीत हे काय खूळ, असं घरी सगळ्यांचं म्हणून झालं.

मी दापोडीला राहते, तिथून जवळ पडतं म्हणून आधी पिंपरीच्या बाजारात गेले. रस्त्याकडेला एक टेबल, तीनशे रुपयांत टॅटू. सुईचं पाकीट बघायला मागितलं तर तो माणूस म्हणाला, "मॅडम, सकाळीच नवीन लावलीय." सकाळपासून ती किती जणांच्या कातडीत गेली असेल, याचा हिशोब मी केला नाही. एकाची सुई दुसऱ्याला लागली की काविळीपासून एचआयव्हीपर्यंत काहीही पदरात पडू शकतं. तिथून मी सरळ घरी आले.

मग कंपनीतल्या एकीनं तळेगाव दाभाड्यातलं एक दुकान सुचवलं. रविवारी सकाळची लोणावळा लोकल धरली. तिकीट दहा-पंधरा रुपयांत, खिडकीही मिळते. दुपारी मात्र बराच वेळ लोकल नसते, तेव्हा सकाळीच निघा. आणि खाऊन निघा, उपाशीपोटी सुईखाली बसलं की गरगरतं. मी स्टेशनबाहेर दोन प्लेट पोहे हाणले.

टॅटू काढणारी स्नेहल माझ्याहून बरीच लहान, पण बोलायला ठाम. मी सवयीनं तपासणी सुरू केली.

"सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा."

"फोडणारच आहे. वरची तारीखही वाचा, मॅडम."

हातमोजे नवीन, रेझर नवीन, मशीनवर प्लास्टिक. शाई बाटलीतून छोट्या टोपणात काढलेली, उरलेली फेकून द्यायची. मला एकही चूक सापडेना, जरा हिरमोडच झाला. उलट तिनंच माझी काढली. "मनगटावर नको. कंपनीत ग्लोव्ह्ज घालता ना? घाम आणि मशीनच्या कूलंटचं तेल लागून जखम चिघळेल. चार बोटं वर घेऊ." मग फॉर्म: साखर आहे का, कसली ॲलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दिवस गेलेत का. सगळं ठीक निघालं. कागदावरून आठाचा जांभळा छाप माझ्या हातावर उठला. अप्पांचाच आठ, तोच गोल. माझे डोळे भरून आले.

"शेवटचं विचारते," स्नेहल म्हणाली. "रक्तदान करता का? टॅटूनंतर साधारण वर्षभर तुमचं रक्त घेणार नाहीत."

आमच्या कंपनीत स्टोअरला वंदनाताई आहेत. त्यांच्या आठ वर्षांच्या गार्गीला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. ग्रुप बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. कंपनीतले त्याच ग्रुपचे आम्ही सहा जण तिच्यासाठी पाळीपाळीनं रक्त देतो. पुढच्या महिन्यात माझी पाळी होती.

"पुसा," मी म्हणाले.

स्नेहलनं कारण विचारलं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला, हात कोरा झाला. परतीच्या लोकलला दोन तास होते, फलाटावर बसून मी रडले. खरं सांगते, मला गार्गीचा, त्या एवढ्याशा पोरीचा राग आला होता, आणि त्या रागाची लाज वाटत होती.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये वंदनाताईंना सांगितलं. चाकणच्या चौकात बस ट्रकांमध्ये अडकलेली. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या चिडल्या.

"सुजाता, माझ्या पोरीला जन्मभर रक्त लागणार हाय. तू काय जन्मभर थांबणार?"

"पण ताई, पुढची पाळी..."

"ती दे. मग जा आन काढ. पेंट शॉपमधल्या एका भावाचा ग्रुप जुळतोय, तुझ्या जागी द्यायला तो हो म्हणलाय. तुमी सगळ्यांनी माझ्या पोरीपायी आपलं आपलं गुंडाळून ठेवलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पुढच्या महिन्यात पिंपरीच्या हॉस्पिटलात रक्त दिलं, तीन आठवडे नीट खाल्लं-प्यायलं आणि पुन्हा तळेगाव गाठलं. या वेळी वंदनाताई सोबतीला होत्या. त्या चाकणहून स्कूटरवर आल्या. त्या रस्त्याला खड्डे आणि अवजड ट्रक दोन्ही भरपूर, नवख्यांनी बसनं यावं.

दुखतं का? दुखतं. उन्हानं भाजलेल्या कातडीवर कुणी नखानं ओरखडावं तसं. पण वीस मिनिटांत संपलं, पंधराशे रुपये लागले. माझा दुसरा हात वंदनाताईंनी धरला होता आणि स्वतःचे डोळे गच्च मिटले होते. इतकी वर्षं पिशव्या भरभरून रक्त बघणारी बाई, माझा एक थेंब तिला बघवेना.

नंतरची काळजी सोपी आहे: साबणानं हलकं धुवायचं, दिलेलं मलम पातळ लावायचं, ऊन आणि पोहणं टाळायचं, खपली ओढायची नाही. लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला तर डॉक्टर गाठायचा. मी दोन दिवस रजा काढली. आता हात बरा आहे. आठाकडे बघितलं की अप्पांची आठवण येते, आणि आता ती नुसती दुःखाची नसते.

त्या दिवशी स्कूटर चालू करताना वंदनाताई म्हणाल्या होत्या, "आता वर्षभर आमच्याकडं नुसतं जेवायला यायचं." तेव्हा माझ्या लक्षात आलं, गार्गीला रक्त देतेय त्या तीन वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. गार्गी मला भेटायची ती हॉस्पिटलातच.

गेल्या रविवारी गेले. दार गार्गीनं उघडलं. माझ्याकडे बघून तिचा चेहरा पडला.

"मावशी, आज हॉस्पिटलला जायचंय का?"

"नाही गं. नुसती आले."

तिनं क्षणभर खात्री केली आणि आत पळत सुटली.

"आई, मावशी नुसतीच आलीय!"