मधली काच

१९९६च्या पावसाळ्यात नगरच्या जुन्या पेठेत, वेशीला लागून असलेल्या एका घराची भिंत पडली. घरातल्या शांताबाई तिच्याखाली सापडून मेल्या. बातमी मीच लिहिली — संततधार पावसाने जीर्ण भिंत कोसळली. पाऊस खरा होता. भिंत जीर्ण होती. जे लिहिले नाही, ते आजवर कोणाला सांगितलेले नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. देवस्थानांना निघालेल्या लक्झरी बसगाड्या वेशीतून आत येत, पेठेत तासभर थांबत, प्रवासी खरेदी करत. वेस बांधली तेव्हा तिच्यातून फार तर हत्ती गेला असेल. बस जाताना दोन्ही अंगांना वीतभर जागा उरे. आजूबाजूच्या घरांना भेगा पडत होत्या. मोठ्या गाड्यांना वेशीत बंदी करा, असा अर्ज रहिवाशांनी आदल्या वर्षी नगरपालिकेला दिला होता. दुकानदारांचा विरोध होता. त्यांत माझा थोरला भाऊ — बस थांबे तिथेच त्याचे चहाचे हॉटेल. "गाड्या बंद झाल्या तर मी काय घोडेगावच्या बाजारात म्हशी हाकू का रे?" असे तो हसत म्हणाला होता. मीही हसलो होतो का? बहुधा.

अर्जावर पहिली सही नाना गायकवाडांची, शांताबाईंच्या नवऱ्याची. नानांची सगळी नोकरी भिंगारला, लष्कराच्या बांधकामांवर मिस्त्री म्हणून झालेली. भेग वाढते की नाही हे पाहण्याची मिस्त्री लोकांची एक रीत असते — भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने बसवायची. भिंत हलली की काच तडकते. नानांनी अशा तीन पट्ट्या लावल्या आणि मला बघायला बोलावले.

शांताबाईंनी चहा दिला आणि त्या नळावर गेल्या. मी काचेजवळ वाकलो.

"हात नका लावू, साहेब," नाना म्हणाले. "उद्या लोक म्हनतील, पेपरवाल्यानंच फोडली."

मी हात मागे घेतला. तेवढ्यात बस आली. फडताळातली भांडी वाजली, आणि मधली काच माझ्या डोळ्यांसमोर तडकली. आवाज अगदी बारीक होता.

"बघितलं न्हवं? आता मला येडा म्हनायचं न्हाई कुनी."

बघितले होते. आम्ही दोघांनीच.

कचेरीत आल्यावर — कोणी दटावले नव्हते, हे आधी सांगतो. संपादकांनी काही विचारले नाही. भावाने पुन्हा विषय काढला नव्हता. मी आपणहून लिहिले: 'एक पट्टी तडकलेली आढळली. ती हाताने फोडली असावी, अशी परिसरात चर्चा आहे.' हे वाक्य प्रत्येक बातमीदाराला ठाऊक असते. ज्या गोष्टीला कोणी धनी नाही, ती 'चर्चा आहे' म्हणून छापता येते. परिसरात कोणीही तसे बोलले नव्हते. छापून आल्यावर बोलू लागले. "काय नाना, आज कुठली काच?" — हे मी भावाच्या हॉटेलात स्वतः ऐकले. चहा पीत ऐकले.

नगरपालिकेत अर्जावर सुनावणी झाली, तीत माझे कात्रण वाचले गेले. नाना उठले, त्यांनी माझ्याकडे बोट केले. "त्यास्नी इचारा. ते हुते तिथं." अध्यक्ष म्हणाले, पत्रकारांची साक्ष घेत नाहीत. लोक हसले. मला कोणी अडवले होते का उभे राहायला? मी मान खाली घालून अध्यक्षांचे वाक्य टिपून घेतले.

अर्ज फेटाळला गेला. नानांनी उरलेल्या दोन पट्ट्या खरवडून काढल्या.

भिंत पडल्यावर आठवड्याभरात वेशीत मोठ्या गाड्यांना बंदी झाली. ती बातमीही माझीच. भावाने हॉटेल बाहेरच्या रस्त्यावर नेले. गाड्या तिथे थांबू लागल्या आणि त्याचे पूर्वीपेक्षा बरे चालले. नाना भिंगारला मुलीकडे राहायला गेले, तिथेच वारले. मी गेलो नाही — ना भेटायला, ना मातीला.

त्या दिवसाची वही माझ्याकडे आहे. नोंद पेन्सिलीने केलेली, माझ्याच अक्षरात: 'सकाळी अकरा दहा. बस गेली. मधली काच तडकली. कोणी हात लावला नव्हता.'